चिखलात उतरायच्या आधी

परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, गाडीचा पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे, टेन्शन घेऊ नको." त्या एका वाक्यापायी हे लिहायला बसलो. पुण्याकडच्या त्या दोन दिवसांच्या ऑफ-रोड कार्यक्रमाला तू जाणार हे ठरलेलं आहे, आणि मी अडवणार नाही. तुझ्या वयात मीही राजदूत घेऊन सहस्रकुंडाच्या खडकांपर्यंत उतरायचो. गाडी कशी चालवायची ते तू माझ्याहून चांगलं जाणतोस. पण इस्लापूरच्या फाट्यावर टेबल मांडून मी सत्तावीस वर्षं गाड्यांचे विमे उतरवले. हिमायतनगरपासून किनवटपर्यंतच्या किती गाड्या माझ्या वहीत होत्या. त्या वहीनं जे शिकवलं ते तुझ्या कानावर घालतो. सावकाश वाच, आणि वाचताना पॉलिसी समोर ठेव.

मोबाईलमधली पीडीएफ चालेल, पण मोठी करून बघ. पहिल्या पानावर मुदतीच्या दोन ओळी दिसतील. एक थर्ड पार्टीची, दुसरी ओन डॅमेजची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळं १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. शोरूममध्ये एवढंच सांगतात, की पाच वर्षं आता बघायचं काम नाही. लेकरा, ती पाच वर्षं समोरच्या माणसाची आहेत. तुझ्या गाडीनं कुणी जखमी झालं, दगावलं, तर त्याची भरपाई त्यातून जाते. तुझ्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि दरवर्षी नवा करावा लागतो. तुझी गाडी घेऊन अडीच वर्षं झाली. ती दुसरी ओळ मला वाचून दाखव. तारीख उलटून गेली असेल, तर सह्याद्रीच्या चिखलात काय, आपल्या गल्लीत गाडी पडली तरी रुपया मिळायचा नाही. चालकाच्या अपघात विम्याची तारीखही वेगळी छापलेली असते, तीही बघ.

मुदत गेली असली तरी वाट बंद होत नाही. २०१९ च्या सप्टेंबरपासून नुसता ओन डॅमेजचा वेगळा विमा घेता येतो. मात्र मध्ये खंड पडला असेल तर कंपनी आधी गाडी तपासते, फोटो-व्हिडिओ मागते, मगच पॉलिसी देते. म्हणून हे काम निघायच्या आदल्या रात्रीवर ठेवू नकोस. आठ-दहा दिवस हातात असू दे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा एक परिच्छेद असतो. इंग्रजीत, बारीक अक्षरात. माझ्याकडून विमा घेतलेल्या माणसांपैकी क्वचितच कुणी तो वाचला असेल, आणि पहिली काही वर्षं मीही तो कुणाला वाचून दाखवला नाही. त्यात लिहिलेलं असतं की गाडी कोणत्याही कामाला वापरा, पण या गोष्टी सोडून: भाड्यानं देणं, मालाची ने-आण, आयोजित शर्यत, पेस मेकिंग म्हणजे दुसऱ्याला वेग धरून देण्यासाठी पुढं पळणं, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल, आणि गाड्यांच्या धंद्यातला वापर. यातल्या एखाद्या कामात गाडी असताना काही झालं, तर कंपनीवर जबाबदारी नाही. आणि ही मर्यादा नुसत्या गाडीच्या दुरुस्तीपुरती नाही. मालक-चालकाचा जो १५ लाखांचा अपघात विमा त्याच पॉलिसीत असतो, त्यालाही ती लागू आहे. शर्यतीत तुला काही झालं तर त्या १५ लाखांवर आपल्याला हक्क सांगता येत नाही. घरातल्या माणसांना हे आधी कुणी सांगत नाही.

'ऑफ-रोड' हा शब्द मात्र त्या यादीत कुठंच नाही. इथं लोक दोन्हीकडून चुकतात. कुणी म्हणतं, डांबर सुटलं की विमा संपला. तसं नाही. पॉलिसी भारतभर चालते. शेताच्या पाणंदीत, मुरुमाच्या चढावर, नदीच्या वाळूत तू आपला फिरायला गेलास आणि घसरलास, तर ते ओन डॅमेजमध्ये बसतं. गाडीची वाजवी काळजी घ्यायची अट आहे, लायसन चालू असलं पाहिजे, एवढं सांभाळलं की झालं. दुसरीकडं असे असतात जे म्हणतात, "मी कुठं रेस केली, मी तर ट्रॅकवर नुसत्या दोन फेऱ्या मारल्या." त्यांचा क्लेम अडकतो. कंपनी विचारते गाडी तिथं कशासाठी नेली होती, आणि त्याच्या उत्तरावर सगळं ठरतं.

आपला शंकरपट डोळ्यांसमोर आण. तीच जोडी सोमवारी औताला असते आणि रविवारी पटात. बैल बदलत नाहीत, मातीही बदलत नाही. पटात घड्याळ लागतं, नंबर निघतो, बक्षीस लागतं. तुझ्या कार्यक्रमाचं पोस्टर असंच तपास. वेळ मोजणार आहेत का? क्रमांक काढणार आहेत का? ट्रॉफी किंवा रोख बक्षीस आहे का? तिन्हीला 'हो' असेल तर पोस्टरवर 'फन राइड' छापलेलं असलं तरी विमा कंपनी त्याला शर्यतच म्हणणार. तिन्हीला 'नाही' असेल, सगळे एकामागं एक ठरलेल्या वाटेनं जाऊन संध्याकाळी परत येणार असतील, तर ती ट्रेल राइड झाली, आणि तुझ्या नेहमीच्या पॉलिसीवर बोलायला जागा राहते. मधला प्रकार जास्त असतो: टप्पे ठरलेले, प्रत्येक टप्प्याला वेळ ठरवून दिलेली, पण कोण पहिला आला याला महत्त्व नाही, गाडी न मोडता आणि वेळ न चुकवता पोचली पाहिजे. यालाच रिलायबिलिटी ट्रायल म्हणतात. रॅलीचा एक जुना प्रकारही असाच.

या मधल्या प्रकाराला एक दार आहे, आणि मी निवृत्त होईपर्यंत आमच्या भागात ते माझ्या माहितीत कुणीच उघडलं नाही. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये पॉलिसीला जोडायच्या पुरवण्यांना क्रमांक दिलेले आहेत. त्यातली ३१ क्रमांकाची पुरवणी रिलायबिलिटी ट्रायल आणि रॅलीसाठीच आहे, कार आणि दुचाकी दोन्हींना. थोडा जादा हप्ता भरायचा, आणि कंपनी लिहून देते की अमुक ठिकाणी, अमुक तारखेला, अमुक संस्थेनं भरवलेल्या कार्यक्रमात ही गाडी असताना पॉलिसी चालू राहील. कार्यक्रमाचं नाव, जागा, तारीख, आयोजक, सगळं त्या कागदावर येतं. म्हणून पोस्टर आणि आयोजकाचं पत्र आधी मागून घे आणि ते जोडून कंपनीला ईमेल कर. एजंट फोनवर म्हणेल "होऊन जाईल". तसं मीही कित्येकांना म्हणालो असेन. त्या शब्दावर जाऊ नकोस. पुरवणीचा कागद हातात पडला तरच ते झालं असं धर. कंपनी नाही म्हणाली तर तेही लेखी घे, म्हणजे आपण कुठं उभे आहोत ते कळतं.

त्या पुरवणीलाही कुंपण आहे. शर्यत, पेस मेकिंग आणि वेगाची चाचणी तिच्यातही बसत नाही. कार्यक्रम चालू असताना गाडीवर मागं बसलेल्या माणसाची जबाबदारी ती घेत नाही, आणि आयोजकाला तिचा आधार नाही. आता कंपनीगणिक शब्दांत थोडा फरक असतो, म्हणून तुझ्या कंपनीचे शब्द पाठव, मी वाचतो.

शर्यतीचं काय, असं तू विचारशील. तिला या पॉलिसीत जागा नाही, आणि त्यामागं कायदा उभा आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८९ कलमाप्रमाणं राज्य सरकारच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक जागी गाड्यांची शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आणि आयोजित शर्यतीत कुणाला धडक बसली तर थर्ड पार्टीच्या दाव्यातही कंपनीला कायद्यानंच बचाव दिलेला आहे. म्हणजे पाच वर्षांची ती पहिली ओळही तिथं डळमळते, आणि भरपाई तुझ्या बापाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते. जे खरे शर्यतवाले आहेत त्यांची तऱ्हा निराळी आहे. २८ जानेवारी २०२४ ला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तू तिचे व्हिडिओ दाखवले होतेस. त्या गाड्यांना ना नंबर प्लेट, ना दिवे. त्या टेम्पोत येतात, टेम्पोत जातात. रस्त्याच्या विम्याशी त्यांचा संबंध येत नाही. त्या खेळाडूंचं लायसनही वेगळं. देशातल्या मोटार खेळांचा कारभार बघणारा महासंघ १९७१ पासून आहे, एफएमएससीआय म्हणतात त्याला, आणि स्पर्धेचं लायसन तो देतो. तू ज्या गाडीवर सोमवारी कामाला जाणार तीच गाडी रविवारी तिथं उतरवणार आहेस. तुझी आणि त्यांची गोष्ट एक नाही.

म्हणून आयोजकाला विचार: कार्यक्रम एफएमएससीआयच्या मान्यतेनं आहे का? भाग घेणाऱ्यांचा अपघात विमा काढलाय का, किती रकमेचा, कोणत्या कंपनीचा? प्रेक्षकाला गाडी लागली तर जबाबदारीचा विमा कुणाच्या नावावर आहे? जमिनीच्या मालकाची आणि पोलिसांची परवानगी आहे का? ॲम्ब्युलन्स जागेवर उभी असेल की फोन केल्यावर येईल? चांगला आयोजक हे प्रश्न ऐकून खूश होतो. जो चिडतो किंवा "अरे काही होत नाही" म्हणतो, त्याच्याकडं गाडी नेऊ नकोस. इतक्या वर्षांत माणूस ओळखायची माझी ही एकच खूण कधी चुकलेली नाही. आणि ते तुला एका फॉर्मवर सही करायला लावतील, स्टॅम्प पेपरवर असेल किंवा साध्या कागदावर, की मी माझ्या जबाबदारीवर उतरतो आहे, आयोजकावर दावा करणार नाही. सही करावीच लागते. पण आधी वाच, आणि त्याचा फोटो काढून ठेव.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी घरात कधी बोललो नाही. आपल्याच भागातला एक पोरगा होता. नाव घेत नाही. तुझ्यासारखीच उंच गाडी, हप्त्यावर घेतलेली. तिकडं घाटात असाच वेळेच्या टप्प्यांचा कार्यक्रम होता, तिथं तो दरडीवरून खाली गेला. पोरगा मनगट मोडून वाचला, गाडीचं हँडल, पुढचे फोर्क, टाकी सगळं गेलं. टेम्पोत घालून गाडी घरी आणली आणि कुणीतरी अक्कल दिली, की हिमायतनगरच्या रस्त्यावर गाय आडवी आली असं लिही. क्लेमचा फॉर्म माझ्या टेबलावर भरला गेला. मी बघत होतो आणि गप्प बसलो.

सर्व्हेअर आला. गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी होती. तो काही बोलला नाही, आधी फक्त फोटो काढत राहिला. मग हेडलाइटच्या काचेपाशी वाकला. काचेवर चौकोनी आकारात डिंक चिकटलेला होता, त्यावर धूळ बसून चौकट उठून दिसत होती. स्पर्धेचा नंबर तिथं लावलेला होता. हँडलला दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची कापलेली टोकं अजून तशीच. मग त्यानं खिशातून किल्ली काढली, इंजिनच्या पाकळ्यांमधली वाळलेली माती खरवडली आणि तळहातावर घेतली. माती तांबडी होती. त्यानं ती तशीच माझ्यासमोर धरली. आपल्या शिवारात, हिमायतनगरच्या रस्त्याला, सगळीकडं काळी माती. मला मान वर करता आली नाही.

क्लेम नाकारला गेला. खरं लिहिलं असतं तर निदान भांडायला जागा होती, कारण तो कार्यक्रम शर्यतीचा नव्हता. आणि आठ दिवस आधी मला विचारलं असतं तर पुरवणीसाठी प्रयत्न करता आला असता. खोटं लिहिल्यावर काहीच उरलं नाही. गाडी अंगणात मोडून पडलेली आणि तिचे हप्ते त्याच्या बापानं सोयाबीनच्या पैशातून फेडले. त्या दिवसापासून मी टेबलावर येणाऱ्या प्रत्येक पोराला विचारायला लागलो, की गाडी घेऊन कुठं डोंगरात जातोस का. तुलाही म्हणूनच सांगतो. आता तर तुमचे व्हिडिओ संध्याकाळच्या आत इन्स्टाग्रामवर असतात. कंपनीलाही ते दिसतात. जे झालं तेच लिही, जिथं झालं तिथलंच लिही.

दुसरी गोष्ट पाण्याची. ओढ्यात गाडी बंद पडली तर सेल मारू नकोस, किकही नको. पाणी एअर फिल्टरमधून सिलेंडरमध्ये शिरलेलं असतं, आणि पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर अडतो, आणि त्या झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढ, प्लग खोल, मग इंजिन फिरव, पाणी पिचकारीसारखं बाहेर येईल. ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर ते बदलल्याशिवाय चालू करू नकोस. विम्याच्या बाजूनंही हेच खरं आहे. पुरानं नुकसान झालं तर पॉलिसी देते, पण पाणी गेलेलं इंजिन चालू केल्यामुळं जे मोडलं त्याला 'परिणामी नुकसान' म्हणतात आणि ते वगळलेलं असतं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाची वेगळी जोड घ्यावी लागते. तुझ्या कंपनीत दुचाकीला ती मिळते का, विचार.

क्लेम मंजूर झाला तरी पूर्ण बिल मिळतं असं समजू नकोस. ऑफ-रोडमध्ये पडल्यावर मोडतं काय? मडगार्ड, हँडगार्ड, टाकीच्या बाजूचे पत्रे, लिव्हर, आरसे. यातलं बहुतेक प्लॅस्टिक आणि रबर, आणि त्यावर ५० टक्के घसारा कापतात. धातूच्या सुट्या भागांवर तुझ्या गाडीच्या वयाला १५ टक्के. झिरो डेप घेतलं असेल तर ही कपात वाचते. नुसता टायर फाटला तर काही नाही. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच टायरचा विचार होतो, तोही निम्म्यानं. दरीतून गाडी वर काढून गॅरेजपर्यंत नेण्यासाठी जुन्या नमुना पॉलिसीत दुचाकीला फक्त ३०० रुपये धरलेले आहेत. घाटात एक ट्रॅक्टर बोलावला तर काय लागतं ते तुला ठाऊक आहे, तेव्हा रोडसाइड असिस्टन्स घेतलेला बरा, आणि तो कच्च्या रस्त्यावर येतो का हेही आधी विचार. हजार-बाराशेची मोडतोड असेल तर क्लेम करूच नकोस. एका क्लेमनं नो क्लेम बोनस शून्यावर येतो, आणि तो पहिल्या वर्षाच्या २० टक्क्यांवरून चढत ५० टक्क्यांपर्यंत जाणारा असतो.

तू त्या गाडीला रॅली किट बसवायचं म्हणत होतास, उंच सस्पेन्शन, वेगळं हँडल. बसवायच्या आधी दोन ठिकाणी विचार: कंपनीला आणि आरटीओला. कंपनीनं बनवताना ठेवलेल्या रचनेत परवानगीवाचून बदल केला तर आरसी आणि गाडी यांचा मेळ राहत नाही, आणि सर्व्हेअरला पहिलं तेच दिसतं. क्रॅशगार्ड, जादा दिवे, पेट्या असं जे काही लावशील त्याची किंमत पॉलिसीत लिहून घेतली तरच ते विम्यात येतं.

मित्राची गाडी घेऊन उतरू नकोस, आणि तुझी कुणाला देऊ नकोस. १५ लाखांचा तो अपघात विमा नोंदणीकृत मालकासाठी आहे, जो स्वतः गाडी चालवतो आणि ज्याच्याकडं चालू लायसन आहे. मागून घेतलेल्या गाडीवर माणूस गेला तर त्याच्या घरच्यांना थर्ड पार्टी म्हणून भरपाई मागता येत नाही, कारण गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सांगितलेलं आहे. २ जुलै २०२५ च्या निकालात तर स्वतःच्याच बेदरकार चालवण्यानं गेलेल्या चालकाच्या कुटुंबाला कंपनीकडून भरपाई नाकारली गेली. गेलेल्या पोराच्या घरी बसून हे समजावून सांगायची वेळ माझ्यावर आलेली आहे. ती पुन्हा यायला नको.

तुझ्या शरीराचा विमा वेगळा काढ, गाडीवर अवलंबून राहू नकोस. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ९ क्रमांकाचं एक ठरलेलं वगळणं असतं, धोक्याच्या आणि साहसी खेळांचं. त्यात मोटार रेसिंग नावानिशी आहे. पण त्याच ओळीत 'व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास' असे शब्द आहेत, आणि तू हौशी आहेस. म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवर बक्षीस मोठं दिसतं म्हणून 'प्रोफेशनल' गटात नाव घालू नकोस. तो एक शब्द पुढं दवाखान्याच्या बिलावर येऊन बसेल. स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घेणार असशील तर तिच्यातली वगळणी आधी वाच, बऱ्याच पॉलिसी शर्यत वगळतात. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का बघ. तिचं वर्ष १ जूनपासून सुरू होतं, आणि त्या वेळी खात्यात पैसे नसतील तर ती बंद पडते. रस्त्यावरच्या अपघाताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशाचा उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे, पण ती रस्त्यासाठी. कुणाच्या माळरानावरच्या ट्रॅकला ती लागू होईल असं धरून चालू नकोस.

पुण्याला जायच्या आधी सरावाला इकडंच कुठं तरी उतरशील, म्हणून घरचंही सांगतो. पावसाळ्यात सहस्रकुंडाला गर्दी उसळते आणि गाडीवर दोघं-दोघं असतात. तुझी पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर मागं बसलेला तिच्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे. पॅकेज पॉलिसी, जिला आपण फर्स्ट पार्टी म्हणतो, तिच्यात येतो. म्हणून ओन डॅमेजची तारीख बघितल्याशिवाय कुणाला मागं घेऊ नकोस, अगदी धाकट्यालाही नाही. नदीच्या अलीकडं आपला किनवट तालुका आणि पलीकडं यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड, तेव्हा अपघात कोणत्या काठावर झाला त्यावर पोलीस ठाणं ठरतं. चुकीच्या ठाण्यात गेलास तर पंचनाम्याला उशीर होतो. आणि पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत गाडी घालू नकोस. परवानगीवाचून आत जाणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि सागाच्या ओल्या पानांवर टायर धरतही नाही.

काही झालंच, तर आधी माणूस, मग गाडी. गाडी हलवायच्या आधी चार बाजूंनी फोटो काढ, एकात नंबर प्लेट आणि जागा दोन्ही दिसू दे. कंपनीला त्याच दिवशी कळव, दुरुस्तीला हात लावायच्या आधी सर्व्हेअर येऊ दे. कुणाला लागलं असेल तर पोलिसांत नोंद. उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नये असं न्यायालयानं सांगितलेलं आहे, पण ते सिद्ध करायला वर्षं जातात. क्लेम नाकारला आणि तुझी बाजू खरी असेल, तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार कर. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडं जा. आपल्या नांदेडचं काम पुण्याच्या कार्यालयात चालतं, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. नाहीतर नांदेडला जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

जातानाचा आणि येतानाचा रस्ता तुझ्या नेहमीच्या पॉलिसीत आहे, हे लक्षात असू दे. म्हणून कार्यक्रम संपला की तिथल्या तिथं निघू नकोस. दोन दिवसांत ब्रेकचे पॅड खाल्ले गेलेले असतात, चाकाचे स्पोक ढिले होतात, लिव्हर वाकलेला असतो, आणि टायरमधली हवा चिखलासाठी कमी केलेली असते ती तशीच राहते. हवा भर, साखळी धू, नंबर प्लेटवरची माती पुसून काढ, आरसे परत बसव. त्या रात्री मुक्काम कर आणि सकाळी नीघ.

पॉलिसीची दोन्ही पानं, आरसी, लायसन आणि त्या पुरवणीचा कागद, यांची एक झेरॉक्स घरी तुझ्या आईकडं दे. मोबाईल तुझ्याबरोबरच पाण्यात जाईल, तेव्हा घरी काहीतरी असलं पाहिजे. आणि आयोजकानं पाठवलेला फॉर्म आज रात्रीच मला पाठव. पहिल्या पानाचा वरचा भाग, जिथं कार्यक्रमाचा प्रकार लिहिलाय, तो नीट उजेडात धरून फोटो काढ. मी तो वाचल्याशिवाय प्रवेशाचे पैसे भरू नकोस.